आबांच्या म्हशीचं दूध

"आबा, तुमच्या दुधात पाणी आहे," मी म्हणालो. रांगेतल्या किटल्या वाजायच्या थांबल्या.

आबा म्हणजे दुष्काळी भागातल्या वाशीजवळच्या आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन. मी त्यांचा नवा टेस्टर, प्रोबेशनवर. घराण्यातला पहिला बी.एस्सी.; तेवढं सांगताना मान आपोआप ताठ व्हायची. एरवी माझी नजर कुणाच्या नजरेला भिडत नसे आणि मनात आलेलं तोंडात थांबत नसे. गाव मला 'शिकलेलं येडं' म्हणायचं.

आदल्या दिवशी आबांनीच भाषण ठोकलं होतं, "कुणाचीबी भीड ठिवू नका. माझं दूध असलं तरी तपासा." असं बोलायची रीत असते, ते खरं धरायचं नसतं, हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत.

लॅक्टोमीटर म्हणजे दुधात सोडायची काचेची नळी. दूध पातळ असलं की ती जास्त बुडते. आबांच्या दुधात चांगलीच बुडाली.

"आरं गाढवा," आबा कडाडले, "दुष्काळात प्यायला पाणी न्हाय, दुधात घालाया कुठनं आणू? उद्यापासनं येऊ नगंस!"

मुद्दा बिनतोड होता. पण नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू? तेवढ्यात नियम आठवला: शंका असेल तर गोठ्यात जाऊन समोर धार काढून घ्यायची. मी तसं म्हणालो. संध्याकाळी आम्ही गोठ्यात, मागं अर्धं गाव.

म्हशीच्या बरगड्या वर आल्या होत्या. समोर काढलेल्या दुधातही नळी तेवढीच बुडाली. चारा नसला की दूध असंच पातळ उतरतं.

चूक चारचौघांत केली, दुरुस्तीही चारचौघांतच हवी. मी तितक्याच मोठ्यानं म्हणालो, "आबांच्या दुधात पाणी नाही. आबांची म्हैस उपाशी आहे."

दूध मापून घेणाऱ्या रहीमभाईंनी कपाळावर हात मारला. "साब, जरा चुप बैठो ना!"

आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "रहीम, ह्येला राहू दे. पण ह्येचं टेबल आतल्या खोलीत हलव. नळी ह्यो बघंल, मान्सांशी तू बोल."

तसंच झालं. मी आतून "पातळ!" ओरडायचो. रहीमभाई खिडकीतून सांगायचे, "चाचा, भैंस को जरा पेंड खिलाव." त्या खोलीत मी रिटायर होईपर्यंत टिकलो.

परवा नातीला ऑटिझम आहे म्हणून तिच्या शाळेत मॅडमनी मला नि सुनेला तो म्हणजे काय ते समजावलं. मी म्हणालो, "मॅडम, हे तर माझंच वर्णन झालं." सुनेनं हळूच माझ्या पायावर पाय दिला. चूप बसवायला रहीमभाई नव्हते, म्हणून पुढंही बोललो, "पोरीला बदलायच्या आधी तिचं टेबल हलवून बघा."