पांढऱ्या धातूच्या चौदा वस्तू

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, एकदा डोक्यात सोडावॉटरची बाटलीही खाल्ली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण मुलुंडच्या एका चाळीतलं काचेचं कपाट आणि त्यातल्या निळ्या मखमलीवरचे चौदा डाग काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो. वय तिशीच्या आत, आणि समोरचा माणूस बघितला की तो आपल्याला कळतो अशी दांडगी घमेंड. एका सकाळी साडेअकराच्या सुमारास एक बाई ठाण्यात आल्या. रेशनच्या दुकानात गेल्या होत्या, तासाभराने परत येऊन बघतात तर कडी उचकटलेली. दिवसा घरफोडी. मी एका हवालदाराला घेऊन निघालो.

दोन खोल्यांचं घर. यजमान एका कारखान्यात टूल-रूममध्ये फिटर. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी स्वतः बनवलेल्या कपाटाने भरली होती. लोखंडी अँगल, पुढे काच, मागे आरसा, आत छोटी ट्यूबलाइट. चाळीतले लोक सांगत होते की कोणाकडे पाहुणे आले की त्यांना आधी हे कपाट दाखवायला आणायचे. लग्नापासून बाई शिवणकाम करायच्या आणि त्यातून वर्षाला एक वस्तू घ्यायच्या. सोन्याची हौस नव्हती. घ्यायची ती चांदी, आणि घेतलेली वस्तू ट्रंकेत जायची नाही, ती घरात मांडायची, वापरायची. फुलदाणीत रोज एकच फूल असायचं, समया सणाला पेटायच्या, अत्तरदाणी चाळीतल्या प्रत्येक लग्नात फिरून यायची.

आता कपाट रिकामं होतं. मात्र मखमल उजेडाने विटली होती, आणि जिथे जिथे वस्तू होती तिथे खालचा रंग तसाच गडद राहिला होता. असे चौदा डाग. मी यादी मागितली, तर त्या बाईंनी कागद घेतला नाही. एकेका डागावर बोट ठेवून सांगत गेल्या. ही समई. ही तिची जोडीदारीण. हे तबक, खालून पोचा आहे, धाकटीच्या बारशाला पडलं होतं. ही अत्तरदाणी, हिचं झाकण डावीकडे फिरवलं की उघडतं. हा मोर. कुठे अडखळणं नाही. शेवटी एका रुपयाएवढ्या डागावर बोट थांबलं.

"आणि हा माझा चांदीचा करंडा. पहिली वस्तू."

मी भराभर लिहीत होतो. सुटली ती वस्तू नव्हती, सुटलं ते दुसरंच काहीतरी. ते पुढे सांगतो.

बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, वितळवायच्या आधी शोधा. वितळलेलं मला नको."

मला ते बायकी वाटलं. चांदी ती चांदी, लगड मिळाली तरी काय वाईट? तेवढ्यात यजमान कामावरून धावत आले. दारातच थांबले, हातात डब्याची पिशवी. कपाटाकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही. बायकोला हळूच म्हणाले, जाऊ दे गं, गेलं ते गेलं, कशाला पोलिसांच्या मागे लागतेस. हयातभर जमवलेली चांदी गेली आणि माणूस म्हणतो जाऊ दे! माझे कान टवकारले. हवालदार मालवणकडचा, जिना उतरताना माझ्या कानाशी लागला, "साहेब, घोव कायतरी लपवता हा."

दुसऱ्या दिवशी मी फिटरना ठाण्यात बोलावलं आणि मुद्दाम दोन तास बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत. निर्दोष माणूस चिडतो, दोषी माणूस पाणी मागतो, असं मला शिकवलं होतं. हे गृहस्थ ना चिडले, ना त्यांनी पाणी मागितलं. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. आत घेतल्यावर सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली, पण वस्तूंचा विषय निघाला की मान खाली. वजन विचारलं, माहीत नाही. शेवटचं पॉलिश कधी केलं, तर ते ती करते म्हणाले. दर शनिवारी टूथपावडर लावून घासते, दोन तास. सगळं खरं होतं आणि तरी मला खोटं वाटत होतं. विकून खाल्लं असणार आणि घरफोडीचं नाटक केलं असणार, असं मी मनात ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी खबर आली. आमचा एक खबरी घाटकोपरला स्टोव्ह दुरुस्त करायचा. त्याने सांगितलं की एक इसम गोणपाटात भांडी घेऊन फिरतोय आणि ज्या सोनाराकडून बाहेर पडतो त्याला शिव्या घालतोय. आम्ही साध्या कपड्यांत सापळा लावला आणि तासाभरात इसम हातात आला. जुना गुन्हेगार, दिवसा कुलपं तोडण्यात हात बसलेला. गोणपाटात मोजून चौदा वस्तू. माझा फिटरवरचा संशय तिथेच आपटला, पण माल मिळाल्याच्या आनंदात मी ते मनावर घेतलं नाही.

आरोपीला समोर घेतलं. मी दोन कानाखाली वाजवायच्या तयारीत, आणि हा पठ्ठ्या उलट माझ्यावरच चिडलेला.

"साहेब, चोरी केली, कबूल. पण माझी पार वाट लागली त्याचं काय? करंडा सोडून सगळा माल जर्मन सिल्व्हर. पाच सोनार फिरलो, पाचही हसले."

हवालदार फिसकन हसला. मी बाजारातला एक जाणता सोनार बोलावून आणला. त्याने एकेक वस्तू कसाला लावली. करंडा अस्सल, बाकी तेरा जर्मन सिल्व्हर, म्हणजे नावापुरतीच चांदी. आणि मग तो तबक हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिला. म्हणाला, साहेब, हा साच्यातला माल नाही, हे सगळं हाताने घडवलंय, वेलबुट्टी बघा, अशी कानस चालवणारा माणूस सापडला तर आधी मला सांगा.

मी तबक उलटं केलं. खाली पोचा होता. पडून आलेला नाही, मुद्दाम ठोकून आणलेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

फिटरना परत बोलावलं. या वेळी बाकावर बसवलं नाही, चहा मागवला. वस्तू टेबलावर बघताच त्यांनी डोळे मिटले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्याला टाळेबंदी लागली होती. घरी सांगितलं, नाहूरला मित्राच्या लेथवर काम लागलंय. काम नव्हतं, मित्राने फक्त बसायला बाक आणि वापरायला हत्यारं दिली होती. घर चालायला तर हवं. मग समईचा दांडा सैल झालाय, डाग देऊन जोडून आणतो, असं म्हणून एकेक वस्तू पिशवीतून बाहेर जायची. तिच्याबरहुकूम दुसरी घडवेपर्यंत घरी काही ना काही सबब. नवी घरी गेली की जुनी सोनाराकडे. दीड वर्षात तेरा. करंड्याला मात्र हात लागला नाही. पुढे दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली, पण गेलेली चांदी काही परत येत नव्हती.

मी म्हटलं, बायकोला सांगून टाका, अडचणीत केलंत, ती समजून घेईल.

"तेच तर, साहेब," ते म्हणाले. "ती एक शब्दही बोलणार नाही. तेच मला सोसवणार नाही."

ज्या माणसाला मी चोर ठरवून बाकावर बसवला होता तो माझ्यासमोर रडत होता, आणि मला माझीच लाज वाटत होती.

आता खरा पेच पुढे होता. मुद्देमालाची ओळख पटवायला फिर्यादी बाईंना बोलवावंच लागणार. पंचनामा झाला की तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. त्यात 'जर्मन सिल्व्हर' हे दोन शब्द आले की त्या माणसाने दीड वर्ष कानस घासून जपलेलं सगळं मातीत. मी रात्रभर विचार केला असं नाही, कारण उत्तर आमच्या रोजच्या कामातच होतं. पोलीस पंचनाम्यात सोनं कधी सोनं लिहीत नाहीत, 'पिवळ्या धातूची' लिहितात. चांदी असेल तर 'पांढऱ्या धातूची'. धातू ठरवायला आम्ही कोण? सोनाराने सांगितलेलं मी केस डायरीत जसंच्या तसं नोंदवलं, पण डायरी फिर्यादीला वाचून दाखवत नाहीत. पंचनाम्यात मी सांगत गेलो आणि हवालदार लिहीत गेला: पांढऱ्या धातूची समई, पांढऱ्या धातूचं तबक, पांढऱ्या धातूचा मोर. हवालदाराने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला.

ओळख पटवण्यासाठी आम्ही बाजारातून तशाच दिसणाऱ्या तीसेक वस्तू आणून त्यात मिसळल्या. पंच उभे राहिले. बाई आल्या. मला वाटलं होतं निदान अर्धा तास जाईल. त्यांनी पाच मिनिटांत चौदाच्या चौदा बाजूला काढल्या. तबक उचलताना बघितलंही नाही, नुसता अंगठा खाली फिरवला, पोचा लागला, ठेवलं. फिटर भिंतीला टेकून उभे होते. मी मनात म्हटलं, काय कारागिरी आहे बघा, स्वतःच्या हाताने दर शनिवारी घासणारी बाईसुद्धा फसली.

आरोपीने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, आणि वस्तू परत देण्याचा हुकूम यायला पाच-सहा महिने गेले. तोवर तो गठ्ठा लाखेचं सील लावून मुद्देमाल खोलीत पडून होता. ती खोली म्हणजे ओल, कोंदट वास आणि शेजारी संडास. हुकूम आल्यावर नवराबायको दोघं आले. कारकुनाने सील तोडलं, फडकं सोडलं.

मी वाकून बघितलं. तेरा वस्तू जराशा मंदावल्या होत्या, इतकंच. आणि मधोमध करंडा तव्यासारखा काळाकुट्ट. चांदी काळी पडते, जर्मन सिल्व्हर पडत नाही. माझा सगळा पंचनामा त्या इवल्याशा करंड्याने टेबलावर उघडा पाडला होता.

फिटर खाली वाकून पावतीवर सही करत होते. बाईंचा हात विजेसारखा पुढे आला. त्यांनी करंड्यावर तळवा ठेवला, तो ओढून पदराखाली घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सही झाली ना? मग रिक्षा बघा. हे काय हातात घेऊन चालायचंय?"

फिटर बाहेर गेले. कारकून रजिस्टर घेऊन आत वळला. बाईंनी पदराखालून करंडा काढून माझ्यासमोर ठेवला.

"पांढरा धातू तुम्ही मुद्दाम लिहिलंत ना, साहेब? उपकार झाले."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"डाग देऊन आणलेली पहिली समई महिना झाला तरी काळवंडली नाही. तेव्हापासून."

"मग दर शनिवारी दोन तास काय घासत होता?"

"घासायचं थांबवलं असतं तर ह्यांना कळलं असतं, मला कळलंय ते."

मी खुर्चीत मागे टेकलो. दीड-दोन वर्षं ही बाई दर शनिवारी टूथपावडर घेऊन, न काळवंडणारी भांडी घासत बसली होती. पण तरीही एक गोष्ट माझ्या पोलिसी डोक्यात बसेना. मी म्हटलं, चांदी नाही हे ठाऊक होतं, तर मग फिर्याद कशाला? नवरा नको म्हणत होता. तुम्हीच हट्ट धरलात.

मला कळू नये याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"चांदी काय, बाजारात मिळते. ह्यांनी हाताने केलेलं कुठे मिळणार? तबकाचा पोचासुद्धा ठोकला होता, साहेब, माझ्यासाठी."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फिटर आत आले आणि गठ्ठा उचलायला लागले. बाई म्हणाल्या, सांभाळून, एक पोचा आहे तेवढा पुरे. फिटर हसले. मी त्यांना त्या ठाण्यात हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दोघं गेले.

ते गेल्यावर मी मूळ फिर्यादीचा कागद काढून वाचला. माझ्याच अक्षरात चौदा ठिकाणी चांदी. चांदीची समई, चांदीचं तबक, चांदीचा मोर. आठवून बघितलं. त्या बाईंच्या तोंडून चांदी हा शब्द एकदाच निघाला होता, करंड्यावर बोट ठेवताना. बाकी तेरा वेळा तो मी माझ्या पदरचा घातला होता. पोलिसाच्या दारात उभं राहूनसुद्धा ती बाई एक अक्षर खोटं बोलली नव्हती. वितळलेलं नको, हेही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पुढे माझ्या हाताखाली जे जे नवे फौजदार आले त्या सगळ्यांना मी बजावून सांगायचो, फिर्यादी जेवढं बोलतो तेवढंच लिहा, तुमची अक्कल कागदाबाहेर ठेवा. ते मान डोलवायचे आणि म्हातारा पिरपिर करतो म्हणायचे. म्हणोत. पंचनाम्यात पांढरा धातू लिहिताना मी समजत होतो की त्या घराची झाकली मूठ मी वाचवतोय. ती मूठ तर कधीपासूनच त्या बाईच्या हातात होती, टूथपावडरीसकट.