कोकिळाबाईंचं मानपत्र

आमच्या वडनेर भोलजीत कुणाचाही सत्कार निघाला की मानपत्र लिहायला मलाच धरतात. निवृत्त मास्तर आहे, अक्षर वळणदार आहे आणि फुकट लिहितो. तिसरं कारण खरं. या वेळी सत्कार होता कोकिळाबाईंचा. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी दोन गुंठ्यांत मिरची-वांग्याची रोपं करून विकायला सुरुवात केली. आज त्यांच्या शेडनेटमध्ये बारा बायका कामाला आहेत.

मी 'निःस्वार्थ सेवाव्रती' अशी झोकात सुरुवात केली. पुढे गेल्या जूनचा प्रसंग घातला. शेतकरी हिंमतरावांनी सांगून ठेवलेली मिरचीची दहा हजार रोपं तयार होती आणि ऐन वेळी दोन-चार ट्रेंमध्ये रोपं सुकवणारा, झपाट्यानं पसरणारा मर रोग दिसला. बाकीची रोपं हिरवीगार. हिंमतराव घाईत, गाडी दारात उभी. "हिरवी तं हायेत, देऊन टाक," असं तेच म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही. सगळी रोपं उपटून खड्ड्यात गाडली. हा त्याग मी चांगला पाच ओळी रंगवला.

सत्काराच्या आदल्या दिवशी वाचून दाखवायला गेलो. बाई ट्रेमधल्या रोपांवरून हलकेच तळहात फिरवत होत्या. त्यानं रोप बुटकं आणि दणकट होतं म्हणे. सगळं ऐकून म्हणाल्या, "गुरुजी, हे असं वाचणार असाल तं मी उद्या येत नाही."

मला रागच आला. तीन दिवस घासून लिहिलं होतं.

"कायचा त्याग?" बाई म्हणाल्या. "ते रोप वावरात मेलं असतं तं हेच हिंमतराव साऱ्या बाजारात सांगत फिरले असते. मले पुण्य नव्हतं पाह्यजे, गिऱ्हाईक पाह्यजे होतं. अन् तुम्ही निःस्वार्थ लिहिलं का परवापासून लोक फुकट रोपं मागायले येतील. मंग या बारा जणींले मी काय मानपत्र वाटू?"

"मग नुसत्या फायद्यासाठी करता, असं लिहू?" मी खोचकपणे विचारलं.

"लिहा ना, खोटं थोडीच हाये? पण नुसता फायदाच पाह्यजे असता तं किराणा दुकान टाकून सावलीत बसली असती. मले हे आवडते. बी फुटून वर आलं का पाहतच राहावं वाटते."

मी 'निःस्वार्थ' हा शब्द खोडला.

"तुमच्या निरोपाच्या मानपत्रातही असंच 'निःस्वार्थ' लिहिलं होतं," बाई सहज म्हणाल्या. "तुम्ही काऊन शिकवत होते, गुरुजी?"

"पगारासाठी," मी म्हणालो. त्यांच्यापुढे खोटं बोलवेना.

"त्यात काय लाजायचं? अन् आवडत होतं?"

बाई पुढच्या ट्रेकडे गेल्या तरी मी कागद धरून उभाच होतो. मनापासून शिकवलेला एखादा तास आठवतो का, ते शोधत होतो.

"नाही," मी शेवटी म्हणालो. आणि माझ्यापुढे बाकांवर बसून गेलेल्या पोरांचं मला फार वाईट वाटलं.