बिनपत्रिकेची लग्नसराई

उरणला आमचा छापखाना घरातच होता, ओटीवर. यांचं साप्ताहिक तिथूनच निघायचं. गाव यांना संपादकसाहेब म्हणायचं, पण चूल पेटायची ती लग्नपत्रिका छापून. अग्रलेखानं कुणाचं पोट भरलंय? तरी हे जीव ओतायचे तो अग्रलेखातच. आज हे नाहीत, छापखानाही नाही. शाईचा वास कुठं आला, तर मला अजून रडू येतं.

एका पावसाळ्यात खारबांध फुटला आणि समुद्राचं पाणी भातशेतीत शिरलं. बांधाच्या दुरुस्तीचा ठेका गावच्या पुढाऱ्याच्या भाच्याकडे होता. यांनी ते सरळ छापलं. पुढारी स्वतः घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "माफीच्या चार ओळी छापा. लग्नसराई तोंडावर आलीय, बघा." इतक्या गोडीगुलाबीनं दिलेली धमकी मी पहिल्यांदाच ऐकली.

लग्नसराई आली, पत्रिका मात्र एकही आली नाही. बाजारात ओळखीच्या बायका मला पाहून मान वळवायच्या. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनीच पाठ फिरवली, हे यांच्या जिव्हारी लागलं. शेवटी एका दुपारी यांनी माफीच्या मजकुराचे खिळे, शिशाची ती अक्षरं, जुळवायला घेतले. मी अडवलं नाही. घरात दाणा नव्हता.

तेवढ्यात जवळच्या खेड्यातली एक शेतकरीण दारात आली. खारं पाणी शिरलं ते हिच्याच शेतात. हातात कुंकू-अक्षतांचं ताट, मुलीच्या लग्नाचं आवतण. मी जरा टोचूनच विचारलं, "पत्रिका कुठं छापलीत?"

"छापलीच नाय, वैनी," ती म्हणाली. "तुमच्याकडं छापाला भ्या वाटतं, न् दुसऱ्याकडं छापाला लाज. आमच्या गावान यंदा कुनीच नाय छापली. अक्षता घेऊन दारोदार फिरताव."

माझ्या हातावर अक्षता ठेवून ती पुढच्या घरी गेली.

हे आतून सगळं ऐकत होते. मी आत गेले, तर माफीचा एकेक खिळा सोडवून आपापल्या खणात टाकणं चाललं होतं. हात शाईचे, म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

साप्ताहिक वर्षभरानं बंद पडलंच. मुंबईत दुसऱ्यांची प्रुफं तपासता तपासता हे म्हातारे झाले. पण माफी काही छापली नाही. देवानं आयुष्यातला एक दिवस परत दिला, तर उपाशी का असेना, मी तीच दुपार मागेन.