शेपूट नसलेला मारुती

आमच्या केदारखेड्याच्या नंदाबाईची तृप्ती दगडाच्या बायका बघत देशभर हिंडते, असं गावात कुणी सांगितलं, तर ती बातमी माझ्याकडूनच गेली समजा. पोरगी पुण्यात पुरातत्त्व शिकली, प्राचीन मूर्तींवर डॉक्टर झाली, आता तिथंच शिकवते. टेंभुर्णीचं एक स्थळ बघायला आल्तं, तर मुलाला म्हणाली, "नाक अगदी जुन्या मूर्तीसारखं आहे." पोरगं खुललं. हिनं पुढं जोडलं, "बहुतेकांची तुटलेलीच सापडतात." पाहुणे चहा न घेता गेले.

गेल्या दिवाळीत ती आमच्या मारुतीच्या मागं लागली. मारुती म्हणजे शेंदराचा गोळाच. वरून चांदीचे डोळे अन् मिशा. बायांना गाभाऱ्यात मनाई. तृप्तीनं उंबऱ्याबाहेरूनच काठीला मोबाईल बांधून मूर्तीच्या पाठीचे फोटो काढले. पाठीला शेंदूर नव्हता.

"काका, ह्याला शेपूट न्हाई," ती पुजारी काकासाहेबांना म्हणाली. "अन् अंबाडा आहे. ही देवी आहे."

"मंग मी काय इतकी वर्षं देवीला मिशा लावून राह्यलो का?"

काकासाहेब गावभर तणतणले. तृप्तीनं तर हे संशोधनाच्या एका अंकात छापूनच टाकलं. गिरणीवर बाया नंदाबाईशी बोलेनाशा झाल्या. तृप्तीचा चुलतभाऊ हरिओम तिला म्हणाला, "ताई, शेंदूर खरवडून दाखव ना!"

"बिलकुल न्हाई. जड झाली की शेंदराची खोळ आपोआप गळते. तोवर थांबायचं."

खोटी ठरली असती, तर विद्यापीठात हसं अन् गावात तोंड दाखवायला जागा नाही. आईला फोन करून रोज एकच विचारायची, "गळली का?"

वैशाखाच्या उन्हात गळली. मी तिथं सगळ्यांच्या आधी पोचलो, हे सांगायला नको. आत बसलेली बाई, डोक्याला अंबाडा, मांडीवर बाळ. दुसऱ्या दिवशी तृप्ती आली, तेव्हा सगळं गाव काकासाहेबांचं तोंड बघत होतं. त्यांनी मिशा उचलून खिशात घातल्या.

"मी म्हणतच होतो मारुती आहे. हा काय मांडीवर! अन् ही त्याची माय, अंजनी."

तृप्ती काही बोलणार, तोच नंदाबाईनं तिला चिमटा काढला अन् पुढं झाली. "बराबर बोलले काकासाहेब. मंग मायला आंघोळ काय बाप्ये घालणार? सरका."

अशा बाया आत गेल्या. तृप्ती मऊ ब्रश घेऊन सगळ्यांत पुढं. "आता शेंदूर न्हाई, फक्त हळद-कुंकू, तेही पायाशी," असं तिनं कबूल करून घेतलं. काकासाहेब उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली धरून उभे.

"तृप्ते, बाळाच्या मागं बघ गं जरा. शेपूट असंल."

तिनं वाकून बराच वेळ बघितलं.

"तिथं तुटलंय, काका."

तुटलंय का नव्हतंच, हे मी तिला नंतर खोदून खोदून विचारलं. नुसती हसली.