दर्याशी कुस्ती

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी अलिबागला मास्तर होतो. रेवसहून मुंबईला जाणाऱ्या बोटीत माझ्या शेजारी एक पैलवान बसला. कान चुरगळलेले, मान जवळजवळ नाहीच. जत्रांमधल्या कुस्त्यांवर पोट भरणारा हा गडी आखाडा सोडून पलटणीत भरती व्हायला निघाला होता.

"एवढं नाव असताना सोडलंत कशाला?" मी विचारलं.

"धा वर्षं एकलाच लढलो, मास्तर. आता बाजूला कुनीतरी असू दे."

बोट सुटताच त्याने सवयीने शड्डू ठोकला. समोरची म्हातारी कोळीण हसली, "दर्याशी कुस्ती खेळतंस काय रं?"

अर्ध्या वाटेत दर्याने त्याला लोळवलं. ओकून ओकून पैलवान फळ्यांवर उताणा पडला. कोळणीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मी लिंबू हुंगायला दिलं.

"पाठ टेकली माजी," तो हसला. "पन बाजूला मानसं हायत."

हरलेल्याने जिंकणाऱ्याशी हात मिळवायचा, ही आखाड्याची रीत. मुंबईला उतरल्यावर तो धक्क्याच्या खालच्या पायरीवर वाकला आणि पाण्यात हात घातला. तेवढ्यात आम्ही दोघं दिसलो, तसा त्याने कडक सलाम ठोकला. तोही डाव्या हाताने, कारण उजवा अजून दर्याच्या हातात होता.