सविताताई वाजल्या की दार पास

कारखान्यातलं भंगार दर शनिवारी उचललं जातं. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच जातात! आमचं नाशिकचं छोटं युनिट, आठ माणसं. धातू सापडला की भोंगा वाजवणारी दारं आम्ही बनवतो. वायरिंग माझ्याकडे.

फिटर काशिनाथदादा हरसूलचे. मीटरवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. चहा देणाऱ्या सविताताईंनी पायातल्या जोडव्यांसकट दारातून जायचं आणि भोंगा वाजला की दादांनी वहीत लिहायचं, "ताई वाजल्या. पास."

*

दिल्लीतल्या एका मोठ्या सभागृहाला सुरक्षेसाठी निधी मिळाला आणि आम्हाला नमुन्याचं दार मागितलं गेलं. मालक म्हणाले, "हे पास झालं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप!" आमची झोपच उडाली.

तिकडून तीन फोन आले. तिन्ही रंगाबद्दल! गालिचा लाल आहे, दार मरून चालेल का?

मी धीर करून विचारलं, "साहेब, सुरा किती लहान सापडायला हवा?"

"ते खातं वेगळं."

*

निधीवर देखरेख ठेवणारी समिती आली त्या सकाळी दार एकसारखं बोंबलत होतं! माणूस नाही, काणूस नाही. मी सगळी वायरिंग उपसली. शेवटी वर पाहिलं, तर मालकीणबाईंनी दाराला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरच्या टांगलेल्या. लोखंडी तारेत ओवून, पंख्याखाली!

*

समितीचे पाच सदस्य. पाचही दाराच्या बाजूने आत आले.

"आम्हाला तपासणीतून सूट असते."

त्यांचे अंगरक्षक म्हणाले, "आम्ही साहेबांबरोबर." ड्रायव्हर म्हणाला, "मी साहेबांच्या गाडीचा." दारातून जायला माणूसच उरेना! मग ट्रे घेऊन सविताताई निघाल्या आणि भोंगा वाजला.

"जोडवी काढा," अध्यक्ष म्हणाले.

"नाय काढायची. नवरा जित्ता हाय माझा."

"मग चहा?"

"मी हितंच उभी हाय. या घ्यायला."

पाचही सदस्य पुन्हा बाजूने बाहेर गेले आणि आपापला कप घेऊन आले. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण अध्यक्षांनी लिहून दिलं, "सुरक्षा अत्यंत कडक."

*

ऑर्डर आली! पेढे वाटले. मग दादांनी शेवटची अट वाचली: सन्माननीय सदस्य जाताना आवाज होऊ नये.

"सदस्य कोण, हे दाराला कसं कळणार?" मी विचारलं.

मालक म्हणाले, "भोंग्याची वायर काप." आठ घरांची चूल त्या दारावर होती. मी कापली, आणि मला माझीच लाज वाटली.

रिवाजाप्रमाणे ताई दारातून गेल्या. शांतता. त्या मागे फिरल्या, पुन्हा गेल्या. वाकून जोडवी चाचपून पाहिली आणि तिसऱ्यांदा पाय आपटत गेल्या.

"दादा, माझं काय चुकलं का?"

दादांनी वहीत लिहिलं, "पास."