आईच्या कॅनवरचा शब्द

माझ्या आईनं वळलेले मोदक त्यांनी वेचून वेगळ्या टोपलीत टाकले. सगळ्यांच्या देखत. आई बघत उभी होती, बोटांना अजून उकड चिकटलेली. टोपली मागच्या दारानं बाहेर गेली. गाईला घाला, असं कुणीतरी म्हणालं.

हे झालं एका इंग्रजी शब्दामुळं. शब्द मी सांगितला होता.

झाशीत खंडेराव गेटजवळ मराठी मंडळाचा हॉल होता. गणपतीचे दिवस. मी सातवीत. बाबा रेल्वेत गँगमन, नांदेडकडून भरती होऊन इकडं आलेले. आई यार्डात ठेकेदाराकडं गाड्यांचे डबे धुवायची. संडासासकट. आम्ही मातंग. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या हॉलमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला.

ठाऊक नव्हतं, कारण तिथली जुनी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेली. एकमेकांची आडनावं त्यांना तोंडपाठ. नांदेडकडच्या आडनावावरून मात्र त्यांना काही उमगेना. बाबा मराठी बोलले, तेवढ्यावर ते त्यांना आपले वाटले. बाबा हुरळून गेले. परक्या मुलखात आपली माणसं भेटली, असं घरी येऊन सांगत सुटले. शाळेत मला पोरं ‘मराठन’ म्हणून चिडवायची. त्यामुळं मलाही त्या हॉलमध्ये गेलं की बरं वाटायचं. आज त्या बरं वाटण्याची चीड येते.

मंडळाच्या कर्त्या म्हणजे मोठ्या काकू. निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका, जुन्या घराण्यातल्या. त्यांनी त्या सकाळी आईला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. आमच्याकडं मोदक तळणीचे. उकडीचे आईला येत नव्हते. काकूंनी तिचे हात हातात धरून शिकवलं. “अगं, घाई करू नकोस. अशी चिमटीत धर, मग कळी पडते.” आईच्या कळ्या जाडच पडत राहिल्या. काकू हसल्या, आईही हसली. नैवेद्याच्या परातीत तिचे मोदक बाकीच्यांत मिसळले, तरी लांबून ओळखू येत होते.

बाहेर मुलांच्या स्पर्धा चालल्या होत्या. पाठांतर बंद पडलेलं, कारण पोरांना मराठी समजायची, बोलता धड येत नव्हती. त्यामुळं मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यात मोठी स्पर्धा इंग्रजीची. डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या, निघालेली तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द सांगायचा. आणि तो कुठं वाचला, तेही सांगायचं. घोकंपट्टी नको म्हणून हा नियम काकूंनीच केलेला.

चिठ्ठ्या निघाल्या. डी, एफ, सी.

एक मुलगा म्हणाला, डिफिकल्ट. बँकेतल्या काकांची मुलगी म्हणाली, कॉन्फिडन्स. टाळ्या पडल्या. मी हात वर केला. मला माइक मिळाला.

“डिसइन्फेक्टंट.”

काकूंनी बोटांवर अक्षरं मोजली. “वा गे पोरी! सगळ्यात लांब. कुठं वाचलास?”

मी खूष होते. इतकी खूष त्यानंतर फार कमी वेळा झाले. आमच्या न्हाणीत पाण्याला एक निळा कॅन होता, आईनं यार्डातून जंतुनाशकाचा रिकामा झालेला धुऊन आणलेला. अंघोळ करताना रोज तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर.

मी माइकवर म्हणाले, “आईच्या कॅनवर. आई गाडीचे डबे धुते.”

काकूंनी विचारलं, “डबे म्हणजे? संडाससुद्धा?”

“हो. सगळंच.”

काकूंनी बाबांकडं पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आमच्याशी हिंदीत बोलल्या. “आप लोग हैं कौन?”

बाबा म्हणाले, “आम्ही मराठीच की.”

ते उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिथं ते पुरलं नाही. काय विचारलंय ते सगळ्यांना कळलं होतं, बाबांनी काय लपवलं तेही. मलाही त्याच क्षणी कळलं. घरात जातीचा विषय कधी निघत नसे. तो असा निघाला, माइक हातात असताना.

आत नैवेद्य तयार होता. आरतीची वेळ झालेली. सेक्रेटरी काका पुढं आले. गोड माणूस. अशी माणसं फार गोड असतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “बेटा, कह दो किताब में पढ़ा था. मजाक कर रही थी. इनाम भी मिलेगा, बात भी यहीं खतम.”

म्हणजे एवढंच करायचं होतं. कॅनच्या जागी पुस्तक म्हणायचं. आई यार्डात नाही, आम्ही कुणी नाही, मोदक जागच्या जागी. सगळ्यांना ते सोयीचं होतं. बाबांनाही. ते जवळ आले आणि अक्षरशः हात जोडून मला म्हणाले, “म्हण न माय, पुस्तकात वाचला म्हणून.”

माझा बाप माझ्यापुढं हात जोडत होता. मी सातवीतली पोर. आई स्वयंपाकघराच्या दारात आलेली.

मला तेव्हा विद्रोह वगैरे शब्द येत नव्हते. राग मात्र आला, पोटातून. शब्द माझा होता. आईच्या हाताची साल निघायची त्या पाण्यानं, आणि मी म्हणायचं, पुस्तकात वाचला? मी माइक तोंडाशी धरला.

“आईच्या कॅनवरच वाचलाय. ती रोज डबे धुते. आज मोदकपण तिनं केलेत.”

मग ती टोपली आली. जाड कळीचे मोदक शोधायला बायकांना वेळ लागला नाही. काकू आईला म्हणाल्या, “आप हाथ धो लीजिए.” सकाळी ती ‘अगं’ होती, दुपारी ‘आप’ झाली. माणसाला आदरानंसुद्धा हाकलता येतं. बक्षिसाचा पेन सेट त्यांनी कॉन्फिडन्सवाल्या मुलीला दिला. तिनं तो घेतला.

आम्ही तिघं उठलो आणि बाहेर पडलो.

त्या दिवशी आईला माझा अभिमान वाटला, असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना आवडेल. मी लिहिणार नाही. घरी आल्यावर आईनं मला मारलं. “चार बायांत बसले होते गं मी,” म्हणत मारलं. आणि मग तीच रडली. ती चुकली असं मी म्हणत नाही. कधी नव्हे ते कुणीतरी तिचे हात हातात घेतले होते. ते सुख माझ्यामुळं गेलं, असं तिला वाटलं. खरं तर ते सुख आम्ही कोण हे ठाऊक नसण्यावर टिकलेलं होतं. हे तिला समजावायला मला बरीच वर्षं लागली. बाबांना अजून समजावता आलेलं नाही. ते अजून मंडळाला वर्गणी देतात, पावती घरात आणत नाहीत. त्यावरून आमची भांडणं होतात, चांगली कडाक्याची.

मी आता इलाइट चौराह्याजवळच्या एका कोचिंगमध्ये इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी मंडळाचा फोन आला. नवे सेक्रेटरी. मुलांच्या इंग्रजी स्पर्धेला परीक्षक म्हणून या. “अब वैसा कुछ नहीं रहा जी,” असंही म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

मी मराठीत म्हणाले, येते. पण आधी माइकवर त्या दिवशी काय झालं ते सांगेन. सगळं. मोदक कुणी वेचले, टोपली कुठं गेली, बक्षीस कुणाला दिलं. मग स्पर्धा.

ते म्हणाले, कमिटीला विचारून कळवतो. कळवलं नाही. गेल्या वर्षी गणपतीआधी मीच फोन केला. कमिटीत विषय झाला नाही म्हणाले.

माफी मला नको. माफी मागून ते मोकळे होतील. मला त्या हॉलमध्ये, भरल्या माणसांत, त्यांनी केलेलं त्यांना ऐकवायचंय, मराठीत, आणि ते हिंदीत बोलले तरी मराठीतच. या वर्षीही फोन करणार आहे. उचलला नाही तर आरतीच्या वेळी जाऊन उभी राहीन. माइक नसला तरी माझा आवाज मोठा आहे.